चित्रकाराचे राहते घर पाहिले असेल, तर अनुभव लिहा

गेले तीन आठवडे मी मिरजेच्या आमच्या घरात यादी करत बसले आहे. बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. घर आता विकायचे ठरले आहे, आणि भावंडांत पुढे कोणाच्या मनात काही राहू नये म्हणून आईनेच सांगितले की अगदी पळी-पंचपात्रापर्यंत सगळे लिहून काढा. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवण्यात त्यांची उभी हयात गेली. परवा त्यांच्या खोलीची नोंद करताना मी 'कोट एक, जुना, कोपराशी रंग लागलेला' असे लिहिले, किमतीच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना, आणि त्याच क्षणी ॲम्स्टरडॅममधले, सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे घर डोळ्यांसमोर उभे राहिले.

मी तिथे २०१६ साली गेले होते. मुलगी तेव्हा तिकडे शिकत होती. योडनब्रेस्ट्राट नावाच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाला लागूनच हे घर आहे. रेम्ब्रांटने ते १६३९ साली तेरा हजार गिल्डरना (गिल्डर म्हणजे तिकडचे तेव्हाचे चलन) घेतले. तेव्हा तो ऐन भरात होता, हाताखाली शिष्य होते, श्रीमंत व्यापारी त्याच्याकडून व्यक्तिचित्रे काढून घेत होते, आणि घराच्या किमतीतले द्यायचे राहिलेले पैसे सवडीने फेडू असे त्याला वाटले असणार. ते पैसे कधीच फिटले नाहीत. टायटस हा मुलगा याच घरात १६४१ साली जन्मला, आणि पुढच्याच वर्षी त्याची बायको सास्किया याच घरात गेली. 'नाइट वॉच' हे प्रचंड चित्र त्याच १६४२ सालचे आहे. ते घरातल्या कुठल्याच खोलीत मावणारे नव्हते, त्यामुळे मागच्या अंगणातल्या पडवीत ते रंगवले असावे, असे तिथे सांगतात. ज्या घरात बायको अंथरुणाला खिळली होती, त्याच घराच्या पडवीत ते चित्र पुरे होत होते, हे ऐकल्यावर मी त्या अंगणाच्या बाजूला बराच वेळ बघत राहिले.

आत शिरताना माझी समजूत अशी होती की त्याच्या वस्तू पिढ्यान् पिढ्या कोणीतरी जपून ठेवल्या असतील. प्रत्यक्षात तसे काहीच झालेले नाही. कर्ज डोईजड झाल्यावर १६५६ साली त्याने स्वतः अर्ज करून दिवाळखोरी पत्करली, आणि जुलै महिन्यात कारकून घरात येऊन खोलीमागून खोली फिरत एकेक जिन्नस लिहून गेले. ३६३ नोंदी झाल्या. पुढे सगळे लिलावात गेले, घरही गेले, आणि १६५८ नंतर तो रोझनग्राख्त या भागात भाड्याच्या घरात राहायला गेला. त्यानंतर अडीचशे वर्षे या वास्तूत दुसरेच लोक राहिले, आतली रचना बदलली, घर खिळखिळे झाले. त्याच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९०६ साली, ते नगरपालिकेने घेतले, १९११ साली तिथे संग्रहालय उघडले, आणि आजचे आतले रूप तर विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस उभे राहिले. ते कशाच्या आधारावर उभे राहिले, तर त्या ३६३ नोंदींच्या. कारकुनांनी दारापासून सुरुवात करून कोणत्या खोलीत काय आहे ते क्रमाने लिहिले होते, म्हणून आज कोणत्या भिंतीवर चित्रांची दाटी होती, शंख-शिंपले कुठे होते, स्वयंपाकघरात काय होते, हे सांगता येते. धनकोंना माणसाचे घर वाटून देण्यासाठी केलेल्या यादीनेच ते घर परत बांधले.

तिथल्या वस्तू त्याच्या नाहीत, त्याच्या काळातल्या आहेत, हे मला कळत होते. तरी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या चित्रशाळेत पाय ठेवल्यावर मला भरून आले. उत्तरेकडच्या उंच खिडक्यांतून थंड, एकसारखा उजेड येत होता. बाबा आम्हाला नेहमी सांगायचे की उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून बसायचे तर उत्तरेकडे तोंड असलेल्या खिडकीशी बसावे. आमच्या घरात तशी एकच खिडकी आहे, मोरीशेजारची, आणि त्यांचे टेबल चाळीस वर्षे तिथेच होते. रेम्ब्रांट त्यांनी आयुष्यभर छापील चित्रांतच पाहिला. ती खिडकी मी पाहिली आणि त्यांनी नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्यापैकी कोणी अशा घरात गेले असेल, कुठल्याही चित्रकाराच्या, कुठल्याही देशातल्या, तर कृपया लिहा. घरात काय होते यापेक्षा तिथे आपल्या मनात काय आले, ते वाचायला मला आवडेल.

पाणपोई

ताई, यादी सावकाश करा. माझ्या वडिलांच्या खोलीला मी दोन वर्षे हात लावू शकलो नव्हतो. अनुभव म्हणून लिहावे असे माझ्याजवळ काही नाही, पण रंग लागलेला तो कोट कोणाच्या वाट्याला घालू नका, स्वतःकडे ठेवा.

ताम्रपट

मी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मुद्राचित्रण शिकलो, त्यामुळे रेम्ब्रांटच्या घरात मी वरच्या चित्रशाळेपेक्षा एचिंगच्या, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून कागदावर चित्र छापण्याच्या, प्रात्यक्षिकापाशी जास्त वेळ काढला. त्याची एचिंग साधारण २९० आहेत आणि जवळजवळ सगळी या संग्रहालयाकडे आहेत. लोक त्याला तैलरंगांसाठी ओळखतात, पण त्याच्या हयातीत त्याचे नाव देशोदेशी पोहोचले ते या कागदांमुळे, कारण कागद घडी न करता वहीत घालून कुठेही नेता येतो.

तिथल्या बाईंनी तांब्याची छोटी प्लेट घेतली. मेण आणि राळ यांचा थर तिच्यावर आधीच दिलेला होता. सुईने रेघ ओढली की थर निघतो आणि तांबे उघडे पडते, मग ॲसिडमध्ये तेवढीच रेघ खाल्ली जाते. हे सगळे मी शेकडो वेळा केलेले आहे. मला बघायचे होते ते शाई पुसणे. त्यांनी प्लेट शाईने पूर्ण काळी केली, जाळीच्या कापडाने गोल गोल पुसली आणि शेवटी तळहाताच्या गादीने हलकेच एकदा फिरवली, अगदी आमचे सर फिरवायचे तशी. तो शेवटचा हात शिकवून येत नाही, पन्नास प्लेटा बिघडल्यावर येतो. थोडे जास्त पुसले तर रेघेतली शाई निघून चित्र कोरडे दिसते, कमी पुसले तर मळकट दिसते. रेम्ब्रांट पुष्कळदा मुद्दाम कमी पुसायचा, प्लेटवर शाईचा पातळ पडदा राहू द्यायचा, आणि त्यातून त्याची रात्र यायची. एकाच प्लेटचे त्याचे दोन छाप शेजारी ठेवले तर दोन वेगळे प्रहर वाटतात.

मग ओलसर कागद, वर लोकरीची घडी, आणि लाकडी प्रेसचा तो मोठा चक्राकार दांडा. कागद उचलताना जो बारीक चर्र आवाज होतो, तो आला तेव्हा माझे डोळे मिटले गेले. नोकरी लागल्यापासून अकरा वर्षे मी प्लेटला हात लावला नव्हता. परत आल्यावर एका मित्राच्या स्टुडिओत शनिवारी जायला लागलो, तो क्रम अजून चालू आहे.

दिवेलागण

सासूबाईंना घेऊन जूनमध्ये रेम्ब्रांटच्या घरी जाणार आहोत. त्यांचे गुडघे दुखतात. जिने किती आहेत, कोणी सांगू शकेल का?

कालव्याकाठी

दिवेलागण, जुन्या घरातला जिना अरुंद आणि चढा आहे, तिकडच्या सगळ्या जुन्या घरांत असतो तसा. वयस्कर माणसांनी घाई न करता, मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ देत चढावे. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर गर्दी कमी असते. जाण्याआधी संग्रहालयाला विचारून घेतले तर ते नीट माहिती देतात.

मी ॲम्स्टरडॅमजवळ ॲम्स्टलवेनला राहते, त्यामुळे भारतातून कोणी आले की त्यांच्याबरोबर माझी फेरी होतेच. इतक्या वेळा जाऊनही एका गोष्टीपाशी मी दरवेळी थांबते, आणि ती म्हणजे भिंतीतला पलंग. कपाटासारखी दारे असलेल्या कोनाड्यात बिछाना असतो आणि तो इतका आखूड असतो की पाय लांब करून झोपताच येऊ नये. त्या काळी तिकडे लोक उशांना टेकून अर्धवट बसून झोपत, असे सांगतात. सास्किया आजारी असताना रेम्ब्रांटने तिची बिछान्यातली कितीतरी रेखाटने केली आहेत. तो कोनाडा पाहिल्यावर ती रेखाटने वेगळी दिसू लागतात. ती उशांना टेकून बसलेली का असते, हे मला आधी कधी कळले नव्हते.

निळी किनार

आमच्याकडून मेक्सिकोचा अनुभव. माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्यानंतर चार महिने छातीपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा घालून वावरले. अंघोळीपुरता तो निघायचा आणि त्या दहा मिनिटांत आपले अंग आपले नाही असे वाटायचे. पुढे काही वर्षांनी नवऱ्याच्या कामानिमित्त मेक्सिको सिटीत राहण्याचा योग आला आणि तिथल्या कोयोआकान भागातले चित्रकार फ्रिडा काहलोचे निळे घर पाहिले. ती १९०७ साली जन्मली, तिथे वाढली आणि १९५४ साली तिथेच गेली. अठरा वर्षांची असताना बसच्या अपघातात तिचा कणा मोडला होता.

तिथे तिचे पट्टे काचेत ठेवलेले आहेत, प्लास्टरचे आणि चामड्याचे. प्लास्टरवर तिने चित्रे रंगवली आहेत. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. मी मात्र त्या पट्ट्यांच्या बंदांकडे पाहत होते, कारण बंद कुठे घट्ट बसतात, काखेखाली कुठे कातडी सोलते, हे मला माहीत आहे. तिच्या पलंगाच्या छताला आरसा लावलेला आहे. अपघातानंतर तिला हलता येत नव्हते, तेव्हा आईने तो लावून घेतला, आणि समोर दुसरे कोणी नाही म्हणून ती स्वतःलाच रंगवू लागली. माझ्या आईने त्या चार महिन्यांत माझ्या पलंगासमोर टीव्ही हलवून आणला होता. आयांना सुचते ते असेच असते.

स्वयंपाकघराबद्दलही सांगते. पिवळी धमक जमीन, भिंतीवर इवल्या इवल्या मातीच्या मडक्यांनी अक्षरे जुळवून लिहिलेली फ्रिडा आणि तिचा नवरा दिएगो यांची नावे. इतके सोसलेल्या बाईचे घर उदास असेल असे मी धरून चालले होते. ते घर अजिबात उदास नाही. शेवटच्या दिवसांतले तिचे कलिंगडाच्या फोडींचे चित्रही तिथेच आहे, आणि एका फोडीवर तिने स्पॅनिशमध्ये जीवनाचा जयजयकार लिहिला आहे.

पाणपोई

निळी किनार, आता प्रकृती कशी आहे?

निळी किनार

उत्तम आहे. जड उचलायचे नाही एवढेच पथ्य आहे. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

राजारामपुरीकर

मूळ लेखातला जिव्हाळा पोहोचला, परंतु एका गोष्टीत माझे मत वेगळे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. लिलावात गेलेल्या घरात त्याच काळातल्या दुसऱ्या वस्तू आणून मांडणे मला पटत नाही. ती खुर्ची त्याची नाही, तो पलंग त्याचा नाही, मग आपण नेमके कशाला नमस्कार करतो?

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. नट म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, पण ते तितकेच मनापासून चित्रकार होते. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांनी आपला राहता बंगला चित्रांसह हयातीतच शासनाला दिला. बंगल्याचे नावही 'निसर्ग'. आम्हाला शाळेतून तिथे नेले होते. वर्गातली मुले सिनेमातल्या फोटोंभोवती घोळका करून उभी होती आणि मी एका झाडाच्या चित्रापुढे अडकलो होतो, कारण तसला पार आमच्या आजोळच्या वाटेवर आहे आणि त्याच्या मुळांवर ऊन तसेच पडते. इथे माणूस, घर आणि चित्र एकाच ठिकाणी आहेत, कोणी मागाहून मांडामांड केलेली नाही. आपल्या लोकांनी ॲम्स्टरडॅमला जरूर जावे, पण कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी रिक्षा करून राजारामपुरीतही यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी जातो तेव्हा बहुतेक वेळा एकटाच असतो.

धागाकर्ती

राजारामपुरीकर, आपला प्रश्न योग्य आहे आणि तो मलाही तिथे पडला होता. मला जे उत्तर सापडले ते असे की वस्तू त्याच्या नसल्या तरी अंतरे त्याची आहेत. खिडकीपासून चित्राच्या घोडीपर्यंत किती पावले, चित्रशाळेतून वर शिष्यांच्या माळ्याकडे जाताना किती चढायचे, बिछान्यापासून चूल किती लांब, हे त्या यादीवरून पुन्हा तसेच उभे केले आहे. बाबांचे टेबल उद्या भाऊ घेऊन जाईल, पण ते मोरीशेजारच्या खिडकीशी होते हे कागदावर राहिले तर त्यांना बसलेले मी पुन्हा पाहू शकेन. मांडऱ्यांच्या घरी मात्र मी मिरजेची असून कधी गेले नाही. या महिन्यात आईला घेऊन जाते.

मोतीबिंदू

माझ्या आईची गोष्ट लिहिते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर आई म्हणाली की आता एकदा काहीतरी रंगीत बघायचे आहे. आम्ही तिला फ्रान्सला जिव्हर्नीच्या बागेत नेले. चित्रकार मोने तिथे १८८३ पासून १९२६ साली जाईपर्यंत राहिला. घरातली जेवणाची खोली संपूर्ण पिवळी आहे, खुर्च्या-कपाटांसकट, आणि तिला लागून निळ्या फरशांचे स्वयंपाकघर आहे. भिंतींवर जपानी छापचित्रे दाटीने लावलेली आहेत. आई पिवळ्या खोलीतून निळ्या खोलीत गेली, परत पिवळ्या खोलीत आली, आणि असे तीन वेळा केले. तिला मी सांगितले की मोनेलाही मोतीबिंदू होता, त्याची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली आणि त्यानंतर त्याला सगळे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार होती. आई लगेच म्हणाली, "मला पण झालं होतं तसं. पट्टी काढली तेव्हा तुझ्या काकूची पांढरी साडी मला निळी दिसली होती. तुम्हाला वाटलं मी बरळतेय." आम्हाला खरोखरच तसे वाटले होते. तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही ही गोष्ट तिने सात वर्षे मनात ठेवली होती, आणि ती तळ्याकाठच्या बाकावर बसून माझ्याजवळ बोलली.

वळणावळणाने

हिमाचलमध्ये नग्गरला निकोलस रोरिकचे घर आहे, ते कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मनालीला जाणारे पुष्कळ लोक तिथे अर्धा तास उतरतात. रशियातून आलेला हा चित्रकार १९२८ पासून तिथे राहिला आणि १९४७ साली तिथेच गेला. वरच्या मजल्यावरच्या खोल्या सज्जातून काचेबाहेरून पाहायच्या असतात. मी काचेला कपाळ टेकवून आत पाहत होतो आणि एकदम लक्षात आले की काचेत मागची बर्फाची रांग दिसते आहे आणि त्याच्याच आरपार त्याची खोली दिसते आहे. त्याची डोंगरांची चित्रे मला त्याआधी बेगडी वाटायची, इतका निळा-जांभळा डोंगर कुठे असतो, असे मी म्हणायचो. संध्याकाळी तिथून खाली उतरताना तो तसाच दिसला.

कालव्याकाठी

पुन्हा लिहिते आहे, कारण धागाकर्तीच्या यादीचा विचार डोक्यातून जात नाही. रेम्ब्रांटच्या त्या यादीत कुतूहल वाटावे अशा सूक्ष्मचित्रांची एक वही नोंदलेली आहे. ती आपल्याकडची मुघल चित्रे असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते काहीही असो, त्याने मुघल चित्रे पाहिली होती हे पक्के, कारण त्यांवरून त्याने केलेली वीसहून अधिक रेखाटने आज वेगवेगळ्या संग्रहालयांत आहेत, त्यांत जहांगीर आहे, शहाजहान आहे. ती त्याने महागड्या जपानी कागदावर काढली, आणि तीही साधारण दिवाळखोरीच्याच काळात. घर हातचे जात असताना हा माणूस दिल्ली-आग्र्याचे बादशहा बारीक रेघेने काढत बसला होता.

आणि दुसरे म्हणजे, या यादीचा शेवट. चित्रे, पुतळे, हत्यारे, शंख, सगळे लिहून झाल्यावर अखेरीस धुवायला गेलेल्या कपड्यांची नोंद आहे. पुरुषाचे तीन सदरे, सहा रुमाल, जेवणाच्या टेबलावरचे बारा हातरुमाल, तीन मेजपोस, काही गळपट्ट्या आणि मनगटपट्ट्या. कपडे घरात नव्हते, तरी कारकुनाने विचारून लिहून घेतले.

धागाकर्ती

कालव्याकाठी, तुमचे हे वाचून मी रात्री झोपले नाही. बाबांना दवाखान्यात हलवले त्या सकाळी त्यांनी आईला विचारले होते की माझे सदरे आले का. पुढच्या धावपळीत कोणाच्या ध्यानात राहिले नाही. आज सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याने काही न बोलता फळीच्या वरच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. अकरा महिने त्याने ती तशीच ठेवली होती, पैसेही घेतले नाहीत. यादीत आता २१७ व्या नोंदीपुढे लिहिले आहे: सदरे दोन, पांढरे, इस्त्री केलेले.